बर्फावरचा शेजारधर्म

गोठलेल्या तळ्यावर मासे नेमके कुठे लागतात, हे अनोळखी माणसाला सांगावं की नाही? वाटतो तितका हा प्रश्न साधा नाही. मिनेसोटातल्या हिवाळ्यात शिकलेल्या एका वेगळ्याच शिष्टाचाराविषयी...

मिनेसोटात नव्याने राहायला आलेल्या मराठी माणसाला पहिल्या हिवाळ्यात दोन धक्के बसतात. पहिला अर्थातच थंडीचा. उणे वीस हा आकडा आपण फार तर फ्रीझरच्या संदर्भात ऐकलेला असतो, इथे तो सकाळच्या बातम्यांत हवामान म्हणून सांगतात. दुसरा धक्का तळ्यापाशी बसतो. ऑक्टोबरपर्यंत जिथे होड्या फिरत होत्या, तिथे जानेवारीत चक्क गाड्या उभ्या असतात! शेजारी पत्र्याची, लाकडाची, कापडाची खोपटी. कुणाच्या खोपटातून धूर निघतोय, कुणी बाहेरच उपड्या बादलीवर बसून हातभर लांबीच्या गळाकडे टक लावून पाहतंय. ही इथली आइस फिशिंग.

तुम्ही म्हणाल, बर्फाखाली मासे जिवंत कसे राहतात? शाळेत घोकलेलं आठवा. पाणी ४ अंशाला सर्वांत जड असतं, म्हणून ते तळाशी जातं. बर्फ हलका, तो वर तरंगतो आणि गोधडीसारखा खालच्या पाण्याला पांघरून बसतो. त्या गोधडीला गिरमिटाने भोक पाडायचं, झाऱ्याने बर्फाचा चुरा काढायचा आणि गळाला अळी किंवा छोटा मासा लावून खाली सोडायचा. हिवाळ्यात इथे माणशी दोन गळांची परवानगी आहे. लागतात ते वॉलाय, क्रॅपी, पर्च, सनफिश. झारा म्हणजे अगदी आपला भजी काढायचा झारा हो, फक्त दांडा लांब. तो हातात घेतल्यावर मला एकदम घरच्यासारखं वाटलं होतं!

हे सगळं मला शिकवलं आमच्या शेजारच्या आजींनी. इथल्या रिवाजाप्रमाणे त्यांना नावानेच हाक मारायची असते, पण मनातल्या मनात मी त्यांना आजीच म्हणते. वय पंच्याहत्तरीच्या पुढे. आयुष्यभर शाळेची बस चालवली. वडिलांचं बोट धरून बर्फावर गेल्या त्या आजतागायत जातात. त्यांनी गळ धरायला शिकवलं, पण त्याआधी शिकवलं ते वागायचं कसं.

बर्फावरचे नियम कुठे पाटीवर लिहिलेले नसतात. काही कायद्यात आहेत, उदाहरणार्थ दोन खोपटांत किमान १० फूट अंतर हवं. आजी म्हणतात, "दहा फूट हा कायदा झाला, शेजारधर्म नाही." त्यांचं माप वेगळं. हाक मारली तर ऐकू जावी, पण घरातलं बोलणं ऐकू जाऊ नये, एवढं अंतर. कुणी आधी बसलेलं असेल तर जवळ गिरमिट फिरवण्याआधी जाऊन विचारायचं. उथळ पाण्यावर त्या आवाजाने मासे बिचकतात, त्याची सकाळ फुकट जाते. रिकामं भोक दिसलं तरी "कुणाचं आहे का?" म्हणून विचारायचं. निघताना आपलं भोक उघडं टाकायचं नाही, काटकी रोवायची, म्हणजे अंधारात कुणाचा पाय जाणार नाही. खोपटाखालचे लाकडी ठोकळे बर्फात रुतू द्यायचे नाहीत, आणि कचरा तर अजिबात नाही. वितळला की सगळा पाण्यात! यावर मिनेसोटाने २०२३ मध्ये कायदाच केला. कचरा बर्फावर ठेवायचासुद्धा नाही, डब्यात किंवा पिशवीत भरून खोपटाला नाहीतर गाडीला बांधून ठेवायचा. नाही तर १०० डॉलर दंड.

इथवर सगळं सोपं. आपल्या चाळीतल्या सार्वजनिक नळाचे नियम ज्याला कळले त्याला हेही कळतील. अवघड आहे तो पुढचा भाग, जागेचा.

तळं मोठं असलं तरी मासे सगळीकडे नसतात. पाण्याखालचा एखादा उंचवटा, शेवाळाची कड, खोल खड्डा, अशा ठिकाणी ते गोळा होतात. ती जागा सापडायला वर्षं लागतात. पन्नास भोकं पाडावीत तेव्हा एक कामाचं निघतं. म्हणून बर्फावर भेटलेल्या माणसाला काय विचारावं याचीही रीत आहे. "किती खोल लागतायत?" चालतं. "कशावर लागतायत?" तेही चालतं, लोक हौसेने सांगतात. पण "कुठे?" हे विचारायचं नसतं. विचारलंच तर हसून उत्तर मिळतं, "पाण्यात!"

मला याचं नवल वाटलं नाही. माझं आजोळ अलिबागकडचं. पहिल्या पावसात वलगणीचे मासे ओहोळातून वर चढायला लागले की मामा रात्री कंदील घेऊन निघायचा, आणि कुठल्या बांधावर गेला होता ते सकाळी कुणाला सांगायचा नाही. अळंबी उगवायची जागा तर सख्ख्या जावेलाही सांगत नसत. त्यात कद्रूपणा असतोच असं नाही. ज्या ठिकाणी पोटाचा किंवा निदान जिभेचा प्रश्न आहे, तिथे जगभर माणसं सारखीच वागतात.

पण आजींचं वागणं मला सुरुवातीला कोड्यात टाकायचं. एका रविवारी आम्ही बसलो होतो. दोन तरुण आले. अद्ययावत यंत्रं, पाण्याखालचा मासा पडद्यावर दाखवणारी. त्यांनी गोड बोलून जागेची चौकशी केली. आजींनी खोली सांगितली, आमिष सांगितलं, कॉफीही विचारली. पण तासाभरापूर्वी आम्ही ज्या भोकांवर होतो ती कुठे, ते काही सांगितलं नाही. ते गेले. थोड्या वेळाने एक गृहस्थ आले, आमच्यासारखेच बाहेरच्या देशातून आलेले. बरोबर सात-आठ वर्षांचा मुलगा, एकच बादली, एकच गळ. त्यांनी जागा विचारलीच नाही. "इथे बर्फ पुरेसा जाड आहे ना?" एवढंच विचारलं. आजी उठल्या, आपल्या दोन भोकांपैकी एक त्या मुलाला दिलं आणि गळ किती खाली सोडायचा ते त्याच्याजवळ वाकून दाखवलं. पोराला मासा लागला तेव्हा त्याच्यापेक्षा मोठ्याने आजीच ओरडल्या.

घरी परतताना मी विचारलं, "त्या मुलांना का नाही सांगितलं? तीही परकीच होती, आणि हेही."

आजी म्हणाल्या, "त्या दोघांना जागा हवी होती. ती उद्या त्यांच्या फोनमध्ये गेली असती, परवा चाळीस जणांच्या. या माणसाला मुलाबरोबर मासे धरायचे होते. तो किती नेणार? तळ्याला किती सोसवेल ते मला बघायला नको?"

यात भाबडेपणा नाही. क्रॅपीसारखे मासे हिवाळ्यात खोल खड्ड्यात दाटीने राहतात. छोट्या तळ्यातला असा एखादा खड्डा सगळ्यांना कळला, तर काही आठवड्यांतच तिथे हात फिरल्यासारखं होतं. आणि फार खोलातून वर ओढलेली क्रॅपी परत सोडली तरी बरेचदा जगत नाही. म्हणजे "आम्ही धरून सोडून देतो" हे म्हणणंही तिथे पुरत नाही.

पण मग गुपित राखलं की तळं वाचतं का? मला तसंही वाटत नाही. इथल्या रेड लेकची गोष्ट बघा. पूर्णपणे मिनेसोटाच्या हद्दीतलं हे सर्वांत मोठं नैसर्गिक तळं. त्याचा बहुतेक भाग रेड लेक ओजिब्वे या मूळ रहिवाशांचा, पूर्वेकडचा थोडा राज्याकडे. अति मासेमारीमुळे १९९० च्या दशकाच्या मध्याला तिथला वॉलाय जवळजवळ संपला. १९९७ मध्ये ओजिब्वे लोकांनी आपली व्यापारी मासेमारी थांबवली. १९९९ मध्ये राज्यानेही आपल्या बाजूला वॉलाय धरायला बंदी केली. त्या काळात तळ्यात क्रॅपी वाढली, मोठमोठ्या क्रॅपी मिळतात ही बातमी फुटली आणि बर्फावर दूरदूरच्या गाड्यांची जत्रा भरू लागली. इकडे १९९९, २००१ आणि २००३ मध्ये वॉलायची पिल्लं सोडली गेली. मे २००६ मध्ये राज्याच्या बाजूला मासेमारी पुन्हा खुली झाली तेव्हा माणशी फक्त २ वॉलाय न्यायची मुभा होती. तळं सावरलं ते जागा लपवल्यामुळे नव्हे. दोन्ही बाजूंनी हात आवरला आणि मोजून घ्यायचं ठरवलं, म्हणून.

गुपिताची आणखी एक बाजू आहे, आणि ती बाई म्हणून, परकी म्हणून मला जास्त जाणवते. इथल्या जागा आजोबांकडून नातवाकडे जातात. ज्याला इथे आजोबाच नाहीत त्याने काय करायचं? बाहेरून आलेली कुटुंबं, एकट्या बाया, ज्यांच्या घरात कुणी कधी गळ धरला नाही अशी माणसं, यांनी विचारायचं कुणाला? आजी स्वतः सांगतात, वडील गेल्यावर भावांनी त्यांना खोपटात घ्यायचं सोडून दिलं. पुढच्या जागा त्यांनी एकटीने, गिरमिट ओढत शोधल्या.

सुदैवाने आता दारं थोडी उघडली आहेत. शेजारच्या विस्कॉन्सिनमध्ये १९९१ मध्ये बायकांना रानावनातली आणि पाण्यावरची कौशल्यं शिकवणारी शिबिरं सुरू झाली, ती पुढे मिनेसोटातही आली. त्यात आइस फिशिंगही शिकवतात. राज्याच्या निसर्ग खात्याकडे, ज्याला इथे सगळे डीएनआर म्हणतात, हजारो तळ्यांचे खोलीचे नकाशे फुकट बघायला मिळतात. जानेवारीतल्या एका शनिवार-रविवारी तर लहान मुलाला बरोबर नेणाऱ्या इथल्या रहिवाशाला परवाना काढावा लागत नाही. म्हणजे 'कसं' हे शिकायला कुणाच्या आजोबांची गरज नाही. आणि 'कसं' कळलं की 'कुठे' हे आज ना उद्या सापडतं.

माझी परीक्षा झाली ती संक्रांतीच्या हळदीकुंकवाला. तिळगूळ वाटता वाटता मी तळलेल्या क्रॅपीचं कौतुक केलं. झालं! सगळ्या मागे लागल्या. "ती जागा आम्हाला पण पाठव की." मी जरा घुटमळले तर एकीने ऐकवलं, "अगं, तळं काय तुझ्या नावावर आहे?"

तिचं खरंच होतं. इथली तळी सार्वजनिक, कुणाचीही मालकी नाही. पण ती जागा मी शोधलेली नव्हती, मला दाखवलेली होती. दुसऱ्याने विश्वासाने दाखवलेली जागा परस्पर तिसऱ्याला द्यायची नाही, हा बर्फावरचा सर्वांत जुना नियम. उसनं आणलेलं भांडं आपण परस्पर दुसऱ्याला देतो का? मी म्हटलं, "विचारून सांगते." एक-दोघींचे चेहरे उतरले, पण इलाज नव्हता.

आजींना विचारलं तर त्या म्हणाल्या, "आकडे पाठवू नकोस. माणसं घेऊन ये."

पुढच्या शनिवारी आम्ही पाच जणी गेलो. थर्मासमधून चहा, डब्यात थालीपीठं. आजींनी आधी प्रत्येकीला बर्फ कसा मोजायचा ते शिकवलं, मग गळ दिला. चौघींना मिळून सहा मासे लागले, त्यातले दोन लहान म्हणून सोडले. त्यानंतर कुणीही मला आकडे मागितले नाहीत. दोघी मात्र नकाशा बघून दुसऱ्या एका तळ्यावर स्वतःची जागा शोधतायत. मला कुठे ते सांगत नाहीत!

एका बाबतीत मात्र गुपित चालत नाही, ते म्हणजे बर्फ. नवा, स्वच्छ बर्फ माणसाला चालायला किमान ४ इंच हवा, छोट्या मोटारीला ९-१० इंच. पण शंभर टक्के सुरक्षित बर्फ असा कधीच नसतो. खाली झरा असेल, भेग गेली असेल, वारा फिरला असेल. त्याच रेड लेकच्या वरच्या भागात २९ डिसेंबर २०२३ रोजी बर्फाचा मोठा तुकडा किनाऱ्यापासून सुटला आणि त्यावरच्या १२२ जणांना सोडवून आणावं लागलं. तो हिवाळा विलक्षण उबदार होता, आणि असे हिवाळे आता पुन्हा पुन्हा येणार. म्हणून बर्फ पातळ कुठे आहे, भेग कुठे आहे, हे न विचारताही सांगायचं. ओळखीच्याला, अनोळखी माणसाला, आपल्या जागेवर डोळा ठेवून आलेल्यालासुद्धा. आजी तर वाटेत येणाऱ्या प्रत्येकाला थांबवून सांगतात.

त्यामुळे अनोळखी माणसाला जागा सांगावी का, याचं माझं उत्तर आता ठरलं आहे. धोका सगळ्यांना सांगावा. कसं धरायचं ते विचारेल त्याला शिकवावं. स्वतः शोधलेली जागा समोर उभ्या असलेल्या माणसाला, त्याचा चेहरा बघून, हाताला धरून दाखवावी. आणि कुणी आपल्याला दाखवलेली असेल, तर आधी त्याला विचारावं. पुढच्या संक्रांतीलाही आम्ही जाणार आहोत. यंदा सात जणी आहेत. थालीपीठं जरा जास्त न्यावी लागतील.