शिराज : लाल वाइनचे द्राक्ष आणि तोडणीचा नेमका दिवस

महाराष्ट्र शासनाने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण जाहीर केले आणि नाशिक जिल्ह्यात खाण्याच्या द्राक्षांबरोबरच वाइनच्या द्राक्षांच्या लागवडीला चालना मिळाली. लाल वाइनसाठी तेथे लावल्या जाणाऱ्या वाणांमध्ये शिराज हा एक प्रमुख वाण आहे. उष्ण हवामानाशी तो बऱ्यापैकी जुळवून घेतो. मात्र त्याच्या वाइनचा दर्जा आणि उत्पादकाचे उत्पन्न, दोन्ही बहुतांशी एकाच निर्णयावर अवलंबून असतात. तो म्हणजे घड नेमके केव्हा तोडायचे.

वाणाची ओळख

शिराज हे इराणमधील एका शहराचे नाव असले, तरी हा वाण मूळचा फ्रान्समधील ऱ्होन नदीच्या खोऱ्याचा आहे. तेथे त्यास 'सिरा' म्हणतात. दुरेझा व मोंदूझ ब्लांश या दोन फ्रेंच वाणांच्या नैसर्गिक संकरातून तो निर्माण झाल्याचे १९९८ मध्ये डीएनए तपासणीतून सिद्ध झाले. १८३२ मध्ये जेम्स बस्बी यांनी त्याची कलमे ऑस्ट्रेलियात नेली. पुढे 'शिराज' हे नाव तेथूनच जगभर रूढ झाले.

याचे मणी लहान व निळसर काळे असतात. गर जवळजवळ रंगहीन असतो. रंगद्रव्ये व टॅनिन प्रामुख्याने सालीत असतात. म्हणूनच लाल वाइनसाठी रस सालींसह आंबवतात. मणी जितका लहान, तितके रसाच्या तुलनेत सालीचे प्रमाण अधिक. खाण्याच्या द्राक्षात मण्याचा आकार वाढविण्यासाठी जिब्रेलिक आम्ल वापरतात. वाइनच्या द्राक्षात फुगलेला मणी हा दोष ठरतो.

नाशिकचे वेळापत्रक

फ्रान्समध्ये वेलीची छाटणी हिवाळ्यात एकदाच होते व काढणी साधारणतः सप्टेंबरमध्ये येते. नाशिकमध्ये एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी व सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी केली जाते. त्यामुळे फळ जानेवारी ते मार्च या कोरड्या काळात पिकते आणि पावसाने घड कुजण्याचा धोका टळतो. फळछाटणीनंतरच्या कोवळ्या फुटींवर परतीच्या पावसात केवडा येतो, तर पुढे भुरीचा प्रादुर्भाव होतो. भुरीग्रस्त मण्यांमुळे वाइनला कुबट वास येऊ शकतो. त्यामुळे घडांभोवती हवा खेळती ठेवणे दोन्ही रोगांच्या नियंत्रणासाठी आवश्यक आहे.

खरी कसोटी मण्यात पाणी उतरल्यानंतर सुरू होते. फेब्रुवारीच्या उत्तरार्धात तापमान वाढू लागले, की साखर झपाट्याने वाढते, मॅलिक आम्ल घटते आणि रसाचा पीएच चढतो. साली व बियांमधील टॅनिन मात्र त्याच वेगाने परिपक्व होत नाही. त्यातच शिराजचे मणी पक्वतेच्या अखेरीस पाणी गमावून सुरकुततात. अशा वेळी ब्रिक्सचा आकडा वाढतो, परंतु ती वाढ नव्या साखरेची नसून रस आटल्याची असते. वजनावर पैसे मिळणाऱ्या उत्पादकाचे त्यात थेट नुकसान होते. वाइननिर्मात्यास जड, आम्लहीन रस मिळतो.

निर्णय कसा घ्यावा

केवळ ब्रिक्सवर विसंबू नये. ओळींच्या दोन्ही बाजूंच्या, वेगवेगळ्या वेलींवरील आणि घडाच्या वरच्या, मधल्या व खालच्या भागातील मिळून सुमारे शंभर मणी घ्यावेत. त्यांच्या रसाचा ब्रिक्स, पीएच व आम्लता नियमितपणे मोजावी. तोडणी जवळ येताच हे अंतर कमी करावे. बी हिरवट आहे की तपकिरी व कुरकुरीत झाली आहे, हेही पाहावे. ब्रिक्सच्या प्रत्येक अंशामागे वाइनमध्ये साधारण ०.५५ टक्के मद्यार्क येतो. म्हणजे २४ ब्रिक्सच्या रसातून सुमारे १३ टक्के, तर २७ ब्रिक्सच्या रसातून जवळजवळ १५ टक्के. तोडणी पहाटे, थंड वेळी करून घड उथळ क्रेटमध्ये वाहून न्यावेत.

वाइनचे स्वरूप

वेळेवर तोडलेल्या शिराजची वाइन गडद रंगाची असून तिला काळ्या बेरीवर्गीय फळांचा व काळ्या मिरीचा गंध असतो. मिरीसारखा गंध देणारे 'रोटंडोन' हे संयुग २००८ मध्ये ऑस्ट्रेलियन संशोधकांनी ओळखले. ते तुलनेने थंड जागी अधिक आढळते. तोडणी लांबल्यास जॅमसारखा गंध व मद्यार्काची तिखट जाणीव वाढते. रस सालींच्या संपर्कात काही तासच ठेवल्यास याच द्राक्षापासून गुलाबी 'रोझे' वाइन तयार होते.

रायपूर परिसरासाठी

नाशिकचा अनुभव छत्तीसगडच्या मैदानात जसाच्या तसा लागू होणार नाही. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे, तर रायपूर सुमारे ३०० मीटरवर. रायपूरचा पाऊस नाशिक शहरापेक्षा जास्त आणि उन्हाळा अधिक तीव्र आहे. त्यामुळे फळछाटणीच्या वेळी केवड्याचा आणि पक्वतेच्या वेळी उष्णतेचा, असा दुहेरी ताण अपेक्षित धरावा लागेल. भारी कन्हार जमिनीत निचऱ्याची अडचण येते. मुरमाड भाटा जमिनीत निचरा होतो, पण सिंचन व सेंद्रिय पदार्थांची जोड लागते. शिवाय वाइननिर्मितीचा कारखाना जवळ नसल्यास तोडलेला माल थांबू शकत नाही. म्हणून खरेदीची हमी आणि काही हंगामांची छोटी चाचणी लागवड, या दोन गोष्टींनंतरच विस्ताराचा विचार करणे हिताचे ठरेल.