खेळातली गावं एकत्र होतात तेव्हा

कामं आटोपली असतील तर निवांत बसा, नसतील तर हात चालू ठेवा आणि कान इकडे द्या. आज जरा वेगळाच विषय आहे.

मागच्या महिन्यात माझ्या थोरल्या बहिणीचा फोन आला. तिचा मुलगा अकरावीला आहे. ताई म्हणाली, "अगं, दोन दिवस झाले, पोरगं धड जेवत नाही. विचारलं तर म्हणतो, आमचा सर्व्हर मर्ज होतोय. वर पाचशे रुपये मागतोय. तू बीए झालीस ना, मग सांग हे काय प्रकरण आहे." खरं सांगते, मलाही काही माहीत नव्हतं. रविवारी तिच्याकडे गेले, भाच्याला शेजारी बसवलं आणि म्हटलं, "रागावणार नाही. पहिल्यापासून सांग." त्यानं सांगितलं, मग मी आणखी वाचलं, चार जणांना विचारलं. आपल्या कितीतरी घरांत हे खेळ चालू आहेत, म्हणून ते आज तुम्हाला सांगते.

आधी सर्व्हर म्हणजे काय ते बघू. मुलगा मोबाईलवर खेळतो, पण खेळ काही सगळा मोबाईलमध्ये नसतो. तो कंपनीच्या मोठ्या संगणकावर चालू असतो आणि आपला मोबाईल म्हणजे त्यात डोकावायची खिडकी. त्या मोठ्या संगणकाला सर्व्हर म्हणतात. एका सर्व्हरवर ठरावीकच माणसं मावतात, म्हणून कंपनी बरेच सर्व्हर उघडते. प्रत्येक सर्व्हर म्हणजे एक गाव समजा. तिथं बाजार असतो, टोळ्या असतात, पुढारी असतात, भांडणं असतात आणि दोस्तीही असते. एका गावातली माणसं सहसा त्याच गावात खेळतात.

आता एक खरं उदाहरण घ्या. घरपोच सामान पाठवणारी ॲमेझॉन कंपनी आपल्याला माहीत आहे. तिनं २८ सप्टेंबर २०२१ रोजी 'न्यू वर्ल्ड' नावाचा, संगणकावर खेळायचा एक खेळ आणला. पहिल्याच आठवड्यात एका वेळी ९ लाखांहून अधिक लोक त्यात खेळत होते. एका सर्व्हरवर साधारण २ हजार माणसांची सोय होती. आत शिरायला तासन्‌तास रांग लागायची, रेशनच्या दुकानापुढं लागते तशी. लोक ओरडू लागले, तेव्हा कंपनीनं भराभर नवे सर्व्हर उघडले. पण नव्याची नवलाई नऊ दिवस. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत एका वेळी खेळणाऱ्यांचा आकडा १ लाखाच्याही खाली आला. गर्दीच्या दिवसांत वसवलेली ती गावं ओस पडली.

तुम्ही म्हणाल, ओस पडली तर पडू दे, उरलेल्यांनी खेळावं. पण तसं होत नाही. या खेळांत काही कामं एकट्याची नसतातच. काहींना पाच माणसं लागतात, काहींना वीस, काहींना चाळीससुद्धा. बाजारात माल मांडला तर घेणारा हवा, लढाई ठरली तर समोर दुसरी बाजू हवी. दहा जणींच्या गटात बैठकीला तिघीच येऊ लागल्या की काय होतं, ते आपल्याला ठाऊक आहे. हप्ता जमत नाही, कर्ज फिरत नाही, मग त्या तिघीही कंटाळतात. खेळातही तसंच. म्हणून कंपनी दोन-तीन ओस सर्व्हर एकत्र करते. यालाच मर्ज म्हणतात. न्यू वर्ल्डमध्ये २०२१च्या शेवटी त्याची सुरुवात झाली आणि २०२२मध्ये असे कितीतरी सर्व्हर एकमेकांत मिसळले.

ऐकायला सोपं वाटतं, पण गुंता इथंच आहे. दोन गावांत एकाच नावाचे दोन खेळाडू असले तर एकाला नाव बदलावं लागतं. एका किल्ल्याचे दोन मालक झाले तर एकाला ताबा सोडावा लागतो. इकडे पहिल्या नंबरवर असलेला तिकडच्या यादीत तिसावा होतो. दोन्ही बाजारांचा माल एकत्र आला की भाव खाली-वर होतात.

माझ्या भाच्याचं दुखणं हेच होतं. दीड वर्ष राबून त्यानं चाळीस मुलांची एक टोळी उभी केली होती. त्यात एक नांदेडचा, एक सुरतचा, दोघं कोकणातले. टोळीचं नाव त्यांनी मिळून ठेवलेलं. आता समोरच्या सर्व्हरवर त्याच नावाची मोठी टोळी निघाली आणि यांचं नाव जाणार होतं. ताई म्हणाली, "खेळच आहे ना, त्यात काय एवढं?"

मला मात्र आमच्या भागातले दोन गट आठवले. दोन्हींत माणसं कमी झाली, म्हणून आम्ही ते एकत्र केले. हिशेब चोख केला, बचत एक-एकीची जुळवली, ठराव लिहिला, बँकेत कागद दिले. सगळं बरोबर झालं, तरी एक आजी बैठकीत रडली. तिच्या गटाचं नाव तिनं सुचवलेलं होतं आणि ते आता पासबुकावर नव्हतं. आम्ही पैशांचा हिशेब विचारला होता, नावाचं कुणी विचारलंच नव्हतं. पोराची गोष्ट ऐकताना मला ती आजी दिसली.

यावर दुसरा मार्गही आहे. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हा असाच एक जुना खेळ, २००४ साली अमेरिकेत सुरू झालेला. त्याच्या कंपनीनं २०१३मध्ये ओस पडलेले सर्व्हर मोडले नाहीत, एकमेकांना जोडले. प्रत्येक गावाचं नाव तसंच राहिलं, खेळाडूचंही नाव राहिलं. बाजार मात्र एक झाला आणि टोळ्यांत एकमेकांची माणसं घेता येऊ लागली. आपल्याला हे नवीन नाही. गट मोडून एक करणं वेगळं आणि गट ठेवून ग्रामसंघ करणं वेगळं. ग्रामसंघात आपल्या गटाचं नाव राहतं, पासबुक राहतं आणि ताकद वाढते.

पण माणसं मुळात जातात का? बऱ्याचदा खेळात नवीन काही उरत नाही, म्हणून जातात. दिवाळीचा फराळ करायला आपल्याला चार-पाच दिवस लागतात आणि डबा दोन दिवसांत रिकामा होतो. खेळाचंही तसंच आहे. नवा प्रदेश, नवी गोष्ट, नवी लढाई तयार करायला शेकडो माणसं वर्ष-वर्ष खपतात. चित्र काढणारे वेगळे, गोष्ट लिहिणारे वेगळे, चुका शोधणारे वेगळे. आणि खेळणारे ते काही आठवड्यांत संपवतात.

वॉरक्राफ्टमध्ये सप्टेंबर २०१३ला मोठी भर पडली, त्यानंतरची मोठी भर थेट नोव्हेंबर २०१४ला. मधे १४ महिने गेले. हा खेळ महिन्याचे पैसे भरून खेळायचा. २०१०मध्ये त्याचे १ कोटी २० लाख वर्गणीदार होते, ते २०१४च्या मध्याला ६८ लाखांवर आले. नवी भर आली तसे लोक परतले आणि आकडा पुन्हा १ कोटीवर गेला. पण २०१५च्या मध्याला तो ५६ लाखांवर उतरला. जत्रा भरली, माणसं आली, पाळणे संपले, माणसं गेली.

म्हणून कंपन्यांनी युक्ती काढली. फराळ एकदम वाढायचा नाही, रोज एक-एक लाडू द्यायचा. रोज ठरावीकच कामं, आठवड्याला एकच नवा भाग, आणि सगळ्याला मुदत. मोबाईलवरच्या खेळांत तिला 'सीझन' म्हणतात. सीझनचा पास विकत घेतला तरी बक्षिसं आपोआप मिळत नाहीत, मुदतीत कामं पूर्ण करावी लागतात. शेवटच्या दोन दिवसांत पोरगं ताटावरून उठतं ते यामुळं. त्याला भूक नसते असं नाही, पण मुदत संपत आलेली असते. आणि ती मुदत आपण बांधलेली नाही, कंपनीनं बांधलेली आहे.

पैशाचंही बघा. मोबाईलवरच्या काही राज्य-लढाईच्या खेळांत कंपनी सतत नवे सर्व्हर उघडते. नव्या गावात सगळे सारखेच असतात, म्हणून पुढं जायला लोक पैसे घालतात. मागं पडलेले सोडून जातात, गाव ओस पडतं, मग मर्ज होतो. आता समोर नवे तगडे लोक येतात, की पुन्हा पैसे घालायची वेळ. भाच्याच्या खेळात मर्जच्या दोन दिवस आधीच 'खास ऑफर' लागली होती. ते पाचशे रुपये त्यासाठीच हवे होते.

मी त्याला विचारलं, "पाचशे घातलेस तर नाव वाचेल?" तो म्हणाला, "नाही." "मग काय वाचेल?" जरा विचार करून म्हणाला, "नंबर. तोही महिनाभर." त्यानंतर त्यानं पैशाचा विषय काढला नाही. मग आम्ही टोळीचं बोललो. मी म्हटलं, "एकट्यानं ठरवू नकोस. सगळ्यांना विचार, नवं नाव काय ठेवायचं, कोण कुठं जाणार, आणि एखादा त्या गावात रमला नाही तर त्याच्याशी बोलायचं कुठं." संध्याकाळी चाळीसपैकी एकतीस मुलांनी मत दिलं. त्यानं ते वहीत लिहून मला दाखवलं, वर तारीख टाकून. आपला ठरावच की तो. नऊ जण खेळ सोडून गेले, पण नांदेडच्या मुलाचा फोन अजून येतो.

तर मैत्रिणींनो, मी काही खेळाची बाजू घेत नाही. अभ्यास, झोप आणि जेवण यांच्या वेळा घरानं ठरवाव्यात, कंपनीनं नाही. सीझन कधी संपतो ते मुलाला आधीच विचारून ठेवा, म्हणजे परीक्षेच्या तोंडावर भांडण होणार नाही. फोनला जोडलेल्या खात्याचा पिन मुलाकडे देऊ नका. मर्ज, सीझन किंवा ऑफर आली की दोन दिवस थांबून मगच पैशाचं बोला.

आणि एक करा. किती वेळ खेळतोस, हे आपण रोज विचारतो. कुणाबरोबर खेळतोस, हेही एकदा विचारा. न्यू वर्ल्डच्या कंपनीनं ऑक्टोबर २०२५मध्ये जाहीर केलं की आता खेळात नवी भर पडणार नाही. खेळ असे कधीतरी थांबतातच. तेव्हा पोरगं गप्प बसलं, तर त्याचं काय गेलं हे घरात कुणालातरी माहीत असावं.

पुढच्या बैठकीत हप्ता गोळा झाला की पाच मिनिटं यावर बोला.