लाकडी घर भूकंपात कसे टिकते?

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात हजारो माणसे झोपेतच दगडमातीच्या भिंती आणि माळवदाखाली गाडली गेली. पुढे साडेतीन महिन्यांनी, १७ जानेवारी १९९४ रोजी, लॉस एंजेलिसजवळील नॉर्थरिज येथेही पहाटेच ६.७ तीव्रतेचा भूकंप झाला. दाट वस्ती असूनही तेथील मृतांची संख्या सुमारे ६० होती. यामागील एक मोठे कारण म्हणजे तेथील बहुतेक राहती घरे लाकडी चौकटीची होती.

मात्र लाकूड हेच खरे रहस्य, असे आम्हांस वाटत नाही. किल्लारीच्या घरांतही लाकडी खांब व तुळया होत्याच. पण छतावर मातीचा जाड थर होता आणि जाड दगडी भिंती खांबांना बांधलेल्या नव्हत्या.

भूकंपात घराला आडवा हिसका बसतो. घराचे वजन जितके जास्त, तितका हा हिसका मोठा. नुसती उभ्या-आडव्या लाकडांची चौकट अशा वेळी तिरकी होऊन कलंडते. तिच्यावर प्लायवूडचे तक्ते जवळजवळ खिळे मारून ठोकले की ती ताठ होते. यालाच 'शिअर वॉल' म्हणतात. धक्क्यात खिळे थोडे वाकतात आणि हिसक्याची शक्ती पचवतात. भिंत सरकू किंवा उचलली जाऊ नये म्हणून ती बोल्ट व लोखंडी पट्ट्यांनी पायाशी जखडतात.

ही साखळी तुटली की लाकूडही वाचवत नाही. नॉर्थरिजमध्येच एका तीन मजली लाकडी इमारतीचा तळमजला दबून १६ जण मरण पावले. तळमजल्यावर मोटारींसाठी मोकळी जागा ठेवल्याने तेथे भिंती अपुऱ्या होत्या. अशा जुन्या इमारती मजबूत करणे लॉस एंजेलिस शहराने २०१५ मध्ये सक्तीचे केले. उलट, २००९ मध्ये जपानमधील मिकी येथे हलत्या मंचावर तपासलेली सहा लाकडी मजल्यांची इमारत जबर धक्क्यांनंतरही उभी राहिली.

म्हणून घर कशाचेही बांधा, इंजिनिअरला तीन प्रश्न अवश्य विचारा. छतावर विनाकारण वजन तर नाही ना? छत, भिंती व पाया एकमेकांना बांधले आहेत ना? आणि दुकानासाठी किंवा गाडीसाठी तळमजला पोकळ तर केला नाही ना? हे प्रश्न नकाशा कागदावर असतानाच विचारावेत, एवढेच आमचे सांगणे.