मधल्या मापाची दहा वर्षं

पुण्यातल्या ज्या डॉक्टरांनी माझं टेस्टोस्टेरॉन इतकी वर्षं सांभाळलं, त्यांनी यंदा दवाखाना बंद केला. वय झालं होतं, थांबणं रास्तच. त्यांची फाइल घेऊन मी बेळगावातल्याच एका तज्ज्ञांकडे गेलो. फाइल न उघडताच ते म्हणाले, "पुरुष व्हायचंय ना? मग पूर्ण डोस घ्या, नाहीतर बंद करा. हे अर्धवट काय चाललंय?" जीव जळला. त्यांनी ज्याला अर्धवट म्हटलं, त्यात दहा वर्षांच्या तपासण्या आहेत, माझ्यासारख्या बऱ्याच जणांनी अंगावर काढलेले त्रास आहेत. ते कुठंच लिहिलेलं नाही, म्हणून लिहितो.

उपचारांआधीच्या काळाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. बेळगावच्या खासबागेत विणकराचं घर, शाळा, कॉलेज, मनात नुसतं धुमसणं. यल्लम्मा देवीचा सौंदत्तीचा डोंगर आमच्याच जिल्ह्यात, त्यामुळे तिला वाहिलेले जोगते, जोगप्पा लहानपणापासून दारात पाहिलेले. राजन गवस यांच्या 'चौंडकं' आणि 'भंडारभोग' या कादंबऱ्यांनी ती माणसं मराठी वाचकापर्यंत नेली, २००९ च्या 'जोगवा' चित्रपटानं थिएटरात. त्यांच्या वाट्याला हाल आले, पण निदान समाजाच्या नजरेत ती होती. मुलगी म्हणून जन्मलेल्या, बाई न राहिलेल्या आणि पुरुषही व्हायचं नसलेल्या माणसाला आमच्या गल्लीत जागाच नव्हती. १५ एप्रिल २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं नाल्सा खटल्यात आपलं लिंग आपण ठरवण्याचा हक्क मान्य केला, तेव्हाही गल्लीतल्या बोलण्यात विषय होता तो टाळ्या वाजवून पैसे मागणाऱ्यांचाच.

पुढं बीडच्या पोलीस शिपाई ललिता साळवे यांनी शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली. मे २०१८ मध्ये मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली आणि ललितचं नाव घराघरांत पोचलं. त्यांच्या धीराला माझा सलाम. राग आहे तो बातमीच्या साच्यावर. काल बाई, आज पुरुष, गोष्ट संपली. औषध सुरू झाल्यावर शरीरात महिनोन् महिने काय होतं, त्यातलं काय नकोसं असतं, ते कसं आवरायचं, यावर कुणी चार ओळी छापल्या नाहीत.

मला हवं होतं ते एवढंच: पाळी थांबावी, आवाज जरा खाली यावा, खांदे भरावेत. दाढी नको होती, टक्कल तर नकोच. डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितलं की यात निवड करता येत नाही. कमी डोसनं बदल सावकाश होतात, पण कुठला बदल आधी येईल ते शरीर ठरवतं. बदललेला आवाज, उगवलेली दाढी, जननेंद्रियाची वाढ यांना परतीची वाट नाही. औषध थांबवलं तर पाळी मात्र परत येते, चरबी पुन्हा जुन्या जागी जाते. आणि पाळी थांबली म्हणजे गर्भ राहणार नाही, असंही नाही. हे सगळं त्यांनी कागदावर मराठीत लिहून दिलं. तो कागद मी जपून ठेवलाय.

इंजेक्शनचं औषध तेलात असतं. काही ब्रँडमध्ये ते तेल शेंगदाण्याचंच, म्हणून शेंगदाण्याची ॲलर्जी आहे का, हे आधी विचारावं लागतं. काचेची कुपी मुठीत धरून कोमट करायची, जाड सुईनं औषध ओढायचं, सुई बदलायची, कुल्ल्याच्या स्नायूत हळूहळू सोडायचं. घाई केली की गाठ येते. तीन-चार आठवड्यांनी एकदा मोठा डोस घेतला तर पहिले काही दिवस रक्तातली पातळी एकदम चढते आणि शेवटी घसरते. चढली की पाठीवर मुरमं आणि चिडचिड, घसरली की मरगळ, कधी पुन्हा पाळीचे डाग. डॉक्टरांनी तोच डोस निम्मा करून निम्म्या अंतरानं दिला, त्यानं निम्मी कटकट गेली.

नंतर जेल आलं. रोज खांद्याला चोळायचं, माप बारीक राखता येतं. पण आमच्या घरात दोन खोल्या, आणि आक्काचं बाळ सदा माझ्या खांद्यावर. जेल लावलेल्या कातडीला मूल चिकटलं तर औषध मुलाच्या अंगात जातं. म्हणून बाळ झोपल्यावर लावायचं, हात साबणानं धुवायचे, वाळल्यावर बाहीचा शर्ट घालायचा आणि सकाळी खांदे धुतल्याशिवाय बाळाला उचलायचं नाही. हे घरात सगळ्यांना समजावून सांगावं लागलं. आईनं एकच विचारलं, "बाळाला काय होणार न्हाई न्हवं?" नाही म्हटल्यावर माझा टॉवेल तिनंच वेगळा काढला. आमच्याकडे बायकाही 'मी जातो, मी येतो' असंच बोलतात, त्यामुळे बोलण्यात घरी कधी अडलं नाही.

खरी काळजी रक्ताची. टेस्टोस्टेरॉननं तांबड्या पेशी वाढतात, रक्त दाट होतं, गुठळीची भीती असते. रक्तातल्या या पेशींचं प्रमाण, म्हणजे हिमॅटोक्रिट, ५४ टक्क्यांवर गेलं तर डोस कमी करावा लागतो किंवा थांबवावा लागतो. पहिलं वर्ष दर तीन महिन्यांनी तपासणी, नंतर वर्षातून एकदा-दोनदा, सोबत चरबीची आणि रक्तदाबाचीही. लॅबच्या फॉर्मवर रकाने दोनच. बाईच्या रकान्यात माझं हिमोग्लोबिन लाल अक्षरात 'जास्त' म्हणून यायचं, पुरुषांच्या रकान्यात तेच ठीक. औषध चालू असताना वरची मर्यादा पुरुषांची धरायची, हे लॅबमधल्या माणसाला प्रत्येक वेळी सांगावं लागलं. निपाणीकडच्या माझ्या एका ओळखीच्या व्यक्तीचा आकडा ५४ ला टेकला. तंबाखूच्या गावातलं माणूस, बिडी सुटेना. धूम्रपानानंही हाच आकडा चढतो, हे तिला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. डोस घटला, बिडी सुटली, आकडा उतरला.

केसांचं दुखणं वेगळं. टक्कल आणतं ते टेस्टोस्टेरॉनपासून बनणारं डीएचटी. फिनास्टेराइडची गोळी ते बनणं कमी करते. ज्यांना दाढी हवी त्यांना हीच गोळी आड येते, कारण ती दाढीची वाढही मंदावते. माझ्यासारख्याला तेच हवं होतं. गर्भ राहण्याची शक्यता असेल तर मात्र ती चालत नाही. मुरमांसाठी बेंझॉइल पेरॉक्साइड, ॲडापलिन. त्यापुढच्या आयसोट्रेटिनॉइनलाही गर्भाची तीच अट. योनीमार्ग कोरडा पडतो, जळजळतो. त्यावर इस्ट्रिऑलचं मलम आहे, जागेवरच काम करतं, बाकीच्या बदलांना धक्का लावत नाही. पण ते लिहून घ्यायला मिशी फुटलेल्या माणसानं स्त्रीरोग विभागाच्या बाकावर बसायचं. तिथल्या नजरा मी विसरलेलो नाही. त्या नजरांपायी कित्येक जण वर्षानुवर्षं जळजळ सोसत राहिले, हे मला ठाऊक आहे.

आवाजाबद्दल अजून दुखतं. खाली यावा असं मलाच वाटत होतं, तो आला. पण गल्लीतल्या भजनी मंडळात वरच्या पट्टीतला अभंग मीच उचलायचो. काही महिन्यांत वरचे सूर फाटायला लागले. मंडळातले मामा काळजीनं म्हणायचे, "घसा बसलाय काय गा तुझा? काढा घे की." स्वरयंत्राच्या पट्ट्या जाड झाल्या की काढ्यानं उतरत नाहीत. वाचोपचार तज्ज्ञाकडे जाऊन खालच्या पट्टीत गाणं नव्यानं शिकता येतं, ते मी शिकलो. तो जुना सूर गेला तो गेलाच.

मग २०२०. मार्चमध्ये सगळं बंद झालं. खासबागेतले यंत्रमाग गप्प झाले, विणकरांच्या घरात चूल पेटायची पंचाईत. पुढं महाराष्ट्राच्या सीमेवरच्या कोगनोळीच्या नाक्यावर तपासणी, पास, अहवाल. निपाणीपलीकडचं पुणे परदेश झालं. औषध संपलं, पाळी परतली, आणि दोन खोल्यांत सहा माणसांत ती लपवायची कशी, ही लाज वेगळीच. २५ मार्च २०२० ला केंद्रानं फोनवरून वैद्यकीय सल्ल्याचे नियम काढले म्हणून डॉक्टर फोनवर तरी मिळाले.

त्याच काळात जिममधले लोक बिनचिठ्ठीचं इंजेक्शन विकत होते. ते घेऊन आजारी पडलेली मुलं मी पाहिली, त्या विक्रेत्यांना मी माफ केलेलं नाही. मोठ्या शहरांतल्या आमच्याच काही गटांनाही नाही. कमी डोस घेणारा खरा ट्रान्स नव्हे, असं तोंडावर म्हणायचे. दुष्परिणामांचं नाव काढलं तर गप्प बसवायचे, विरोधकांच्या हाती कोलीत मिळतं म्हणून. त्या गप्प बसवण्याची किंमत रक्त दाट झालेल्या पोरांनी मोजली.

कागदावर मात्र पुष्कळ झालं. २०१९ च्या ट्रान्सजेंडर कायद्याच्या मूळ व्याख्येत माझ्यासारख्यांसाठीचा जेंडरक्वीअर आणि जोगता हे दोन्ही शब्द एकाच कलमात आले. हार्मोन उपचारांची सोय करण्याची, आरोग्य पुस्तिका काढण्याची आणि विमा देण्याची जबाबदारी सरकारवर आली. ऑगस्ट २०२२ मध्ये आयुष्मान भारतखाली वर्षाला ५ लाखांच्या संरक्षणाचा करार झाला. त्याच वर्षी डब्ल्यूपॅथ या ट्रान्सजेंडर आरोग्यावरच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या मार्गदर्शिकेच्या आठव्या आवृत्तीत नॉनबायनरी, म्हणजे माझ्यासारख्या, व्यक्तींसाठी स्वतंत्र प्रकरण आलं. ते प्रकरण वाचलेला डॉक्टर मला अजून माझ्या गावात भेटायचाय.

बेळगाव, निपाणी, चिकोडी भागातल्या डॉक्टरांना माझी विनंती आहे: आमच्यापैकी कुणी आलं तर पूर्ण की बंद असं विचारू नका. काय हवं, काय नको ते विचारा, फाइल उघडा, रक्त तपासा. घरच्यांना एवढंच सांगेन की चिठ्ठीशिवाय कुपी आणू देऊ नका आणि रक्तपेशींची शेवटची तपासणी, म्हणजे सीबीसी, कधी झाली ते विचारत राहा. ती तपासणी आपल्याकडच्या कुठल्याही साध्या लॅबमध्ये होते, त्यासाठी पुण्याला जावं लागत नाही.