चाकांवरच्या खेळाडूचा खुराक

मज्जारज्जूला इजा झालेल्या खेळाडूच्या आहाराचा हिशेब कोल्हापूरच्या तालमीतल्या खुराकाच्या उलट्या टोकापासून मांडावा लागतो. पैलवानाला लिटरांनी दूध, तूप, बदामाची थंडाई पचते, कारण रोजच्या बैठका आणि कुस्त्या ते सगळे जाळून टाकतात. शरीरातले सर्वांत मोठे स्नायू मांड्यांचे आणि नितंबांचे असतात. कमरेखालचे शरीर लुळे पडले की हेच स्नायू झिजतात आणि विश्रांतीत खर्च होणारी ऊर्जा १४ ते २७ टक्क्यांनी घटते. पॅराप्लेजिया, म्हणजे दोन्ही पाय निकामी झालेल्या माणसाची रोजची गरज साधारण किलोमागे २८ कॅलरी धरतात. मानेच्या मणक्याला इजा होऊन हातांवरही परिणाम झाला असेल तर ती २३ च्या आसपास येते. ५५ किलो वजनाच्या पॅराप्लेजिक माणसाला सरावाखेरीज सुमारे १,५४० कॅलरी पुरतात. कोल्हापूरच्या दूध कट्ट्यावर मिळणाऱ्या म्हशीच्या एक लिटर दुधात हजारावर कॅलरी असतात. म्हणजे दिवसाचा दोन तृतीयांश कोटा भाकरीचा तुकडा मोडण्याआधीच संपतो.

कोल्हापूर परिसराला हा विषय परका नाही. ऐन तारुण्यात कमरेखालचे शरीर निकामी झालेल्या नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये येथे ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली. उचगावचे ‘घरौंदा’ वसतिगृह तिचेच. सांगली जिल्ह्यातील पेठचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात जखमी झाले आणि त्यांच्या मणक्यात गोळी अडकली. उपचाराचा भाग म्हणून ते पोहू लागले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी ५० मीटर पोहण्यात भारताला पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. ती शर्यत ३७.३३ सेकंदांची होती. तास-दोन तास चालणाऱ्या शर्यतींची, म्हणजे व्हीलचेअर मॅरेथॉन किंवा हातांनी चालवायच्या सायकलींची, परंपरा आपल्याकडे अजून रुजायची आहे. स्वित्झर्लंड आणि जपानमध्ये ती मुरलेली आहे. १९७८ मध्ये अपघातात पाय निकामी झालेल्या हाइन्झ फ्राय या स्विस खेळाडूने १९९९ मध्ये जपानच्या ओइता शहरात व्हीलचेअर मॅरेथॉन १ तास २० मिनिटे १४ सेकंदांत पूर्ण केली होती.

एवढे अंतर कापणारे इंजिन म्हणजे फक्त दोन हात आणि खांदे. या लहान स्नायूंमध्ये ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या कर्बोदकांचा, साठाही लहानच असतो आणि तो लवकर संपतो. म्हणून एकूण कॅलरी कमी असल्या, तरी सरावाच्या दिवशी भात-भाकरीवर काट मारणे चुकीचे ठरते. दीड तासाहून लांब सरावात दर तासाला ३० ग्रॅम कर्बोदकांपासून सुरुवात करता येते. अर्धा लिटर पाण्यात ३० ग्रॅम कोल्हापुरी गूळ आणि चिमूटभर मीठ विरघळवले की साधारण तेवढे मिळतात. महागड्या पुड्यांची गरज पडत नाही. वरच्या पातळीच्या इजेत, विशेषतः मानेच्या, जठर सावकाश रिकामे होते. तेव्हा मोठे जेवण शर्यतीच्या तीन-चार तास आधीच उरकलेले बरे.

वजनकाटा या खेळाडूंची फसवणूक करतो. स्नायू झिजून त्यांची जागा चरबी घेते, पण काट्यावरचा आकडा हलत नाही. म्हणून सर्वसाधारण माणसासाठी लठ्ठपणाचा जो बीएमआय धरतात तो येथे लागू पडत नाही. मज्जारज्जूच्या इजेत तो २२ च्या वर गेला तरी चरबी जास्त असल्याचे मानतात. मधुमेह आणि हृदयविकाराचा धोकाही वाढलेला असतो. मात्र चरबीच्या धास्तीने उपाशी राहणारा खेळाडू दुसऱ्या खड्ड्यात पडतो. खर्चापेक्षा सतत कमी खाल्ले की हार्मोन्स बिघडतात, आजारपणे वाढतात, आणि हाडे आणखी ठिसूळ होतात. पायांची हाडे आधीच कमकुवत असतात, कारण त्यांच्यावर शरीराचा भार पडत नाही. इजेनंतरच्या पहिल्या एक-दोन वर्षांत गुडघ्याभोवतीच्या हाडांची घनता झपाट्याने घटते आणि खुर्चीतून पलंगावर सरकताना झालेल्या साध्या पडण्यानेही हाड मोडू शकते. संवेदना नसल्याने ते कळतही नाही. पाय सुजल्यावर लक्षात येते. ड जीवनसत्त्वाची रक्ततपासणी म्हणूनच दरवर्षी व्हायला हवी.

आहाराइतकाच, किंबहुना जास्त, गुंता पाण्याचा आहे. मूत्राशयावरचा ताबा गेलेला असल्याने दर चार ते सहा तासांनी नळी, म्हणजे कॅथेटर, घालून ते रिकामे करावे लागते. प्रवासात, मैदानावर, शर्यतीच्या ठिकाणी खुर्ची आत जाईल असे स्वच्छतागृह मिळतेच असे नाही. मग खेळाडू सरळ पाणी तोडतो. लघवी गडद होते, जंतुसंसर्ग होतो, खडे धरतात आणि महिन्याभराचा सराव वाया जातो. हा दोष खेळाडूच्या शिस्तीचा कमी आणि स्पर्धा भरवणाऱ्यांचा जास्त आहे. उलट बाजूही आहे. इजेच्या पातळीखाली घाम जवळजवळ येत नाही, त्यामुळे दोन पायांच्या धावपटूइतके पाणी पीत राहिले तर रक्तातले सोडियम धोकादायक पातळीला उतरू शकते. सरावाआधी आणि नंतर वजन करून किती पाणी घटले ते पाहणे, हाच त्यातला खात्रीचा मार्ग.

घाम नाही म्हणजे शरीर थंड करण्याची सोयही नाही. एप्रिल-मेच्या उन्हात मानेची इजा असलेल्या खेळाडूचा ताप पाणी पिऊन उतरत नाही. अंगावर फवारलेले पाणी घामाचे काम करते. पावसाळ्यात मात्र कोल्हापूरची हवा इतकी दमट असते की ते पाणी सुकत नाही. तेव्हा पंखा किंवा बर्फाचे जॅकेट लागते. अशा खेळाडूच्या हृदयाचे ठोकेही सहसा मिनिटाला ११० ते १३० च्या पुढे जात नाहीत, कारण हृदयाला वेग देणाऱ्या मज्जातंतूंचा मेंदूशी संबंध तुटलेला असतो. घड्याळावरचे ठोके पाहून सराव आखणारा प्रशिक्षक येथे हमखास चुकतो.

छातीच्या सहाव्या मणक्याच्या किंवा त्यावरच्या इजेत एक जीवघेणा प्रसंग ओढवू शकतो. तुडुंब भरलेले मूत्राशय, बद्धकोष्ठ, घट्ट पट्टा, नखातली जखम, अशा एरवी किरकोळ कारणाने रक्तदाब एकाएकी भडकतो. डोके फुटेल असे दुखते, चेहरा लाल होतो. अशांचा नेहमीचा रक्तदाब ९० ते ११० इतका कमी असल्याने १५० हा आकडादेखील आणीबाणी ठरतो. अशा वेळी खेळाडूला ताठ बसवावे, पट्टे-कपडे सैल करावेत, नळी घालून मूत्राशय रिकामे करावे आणि तरी रक्तदाब उतरला नाही तर थेट दवाखाना गाठावा. काही खेळाडू वेग वाढावा म्हणून हा प्रकार मुद्दाम घडवून आणत, म्हणून आंतरराष्ट्रीय पॅरालिम्पिक समितीने १९९४ मध्ये त्यावर बंदी घातली.

आतड्यांचा वेगही मंदावलेला असतो. तंतुमय पदार्थ हवेत, पण एकदम भरमसाट नकोत. रोज १५ ग्रॅमपासून सुरुवात करून पोटाचे ऐकत वाढवावेत, नाहीतर बद्धकोष्ठच वाढते. सकाळी गरम चहा आणि न्याहारीनंतर अर्ध्या तासाने शौचाची ठरलेली वेळ, हे वेळापत्रक गोळ्यांपेक्षा उपयोगी पडते. शर्यतीच्या आदल्या दिवशी झणझणीत कटाची मिसळ किंवा तांबडा रस्सा टाळलेला बरा. भात, ताक, साधे वरण पुरते.

प्रथिनांकडे दुर्लक्ष झाले तर त्याची किंमत त्वचा मोजते. तासन्‌तास बसल्याने दाबाच्या जखमा होतात आणि त्या एकदा झाल्या की महिनोन्‌महिने पालथे पडून राहावे लागते. खुर्चीत दर १५ ते ३० मिनिटांनी हातांच्या जोरावर अंग उचलणे हा पहिला उपाय. आहारात किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने हा दुसरा. ५५ किलोच्या माणसाला म्हणजे ६६ ते ८२ ग्रॅम. कॅलरी मोजक्या असल्याने ती मटकीची उसळ, अंडी, मासे, कमी तेलातले चिकन, साय काढलेले दही यांतून मिळवावी लागतात.

पूरक पावडरींबाबत पुरावा तुटपुंजा आहे. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या स्विस अभ्यासात ८०० मीटर व्हीलचेअर शर्यतीसाठी क्रिएटिनचा फायदा दिसला नाही. शिवाय उत्तेजकविरोधी नियम या खेळाडूंनाही तसेच लागू आहेत. वेदना, रक्तदाब किंवा सुजेवरच्या काही औषधांचा बंदीच्या यादीत समावेश असतो. त्यासाठी स्पर्धेआधीच वैद्यकीय सूट मागावी लागते.