चाल आपली, विचारही आपलाच

टपाली बुद्धिबळात पोस्टकार्डावर ‘५२५४’ एवढे चार अंक लिहिले की चाल पूर्ण होते: पाचव्या स्तंभातल्या दुसऱ्या घरातले प्यादे चौथ्या घरात गेले. दहा चालींसाठी साधारण तीस दिवस मिळतात. कार्ड वाटेत असते तो काळ कोणाच्याच खात्यात धरत नाहीत आणि तारखेला पोस्टाचा शिक्का साक्षी असतो. खेळाडू चाल आल्याची व उत्तर दिल्याची तारीख वहीत नोंदवतो, पटावर मोहरे हलवून पर्याय तपासतो, फसलेले पर्यायही लिहून ठेवतो. बुलढाणा जिल्ह्यात घाटावरच्या मेहकर-लोणारला रेल्वे नाही. तिथल्या खेळाडूलाही घरबसल्या दूरचा तगडा प्रतिस्पर्धी मिळू शकतो, तो याच पद्धतीने. मात्र या खेळाचे खरे फळ म्हणजे त्या वहीतला विचार. म्हणून हा डाव संगणकाविना खेळावा, असे माझे ठाम मत आहे.

यावर पहिला आक्षेप असा की समोरचा संगणक वापरत नाही, हे कोण तपासणार? तो रास्त आहे. १९९७ मध्ये ‘डीप ब्लू’ या संगणकाने जगज्जेत्या कास्पारॉव्हला हरवले, आणि आज खिशातला फोनही जगज्जेत्यापेक्षा सरस खेळतो. टपाली बुद्धिबळाच्या जागतिक संघटनेने तर संगणकाची मदत मान्यच केली आहे. परिणाम असा की वरच्या पातळीवर बहुतेक डाव बरोबरीत सुटतात. पण बंद दाराआड कोण कोणाचा सल्ला घेतो, हे पूर्वीही तपासता येत नव्हते. मद्रास आणि हैदराबाद यांच्यात १८२८च्या सुमारास पत्राने डाव झाले, तेव्हाही पंच समोर बसलेला नव्हता. हा खेळ पहिल्यापासून दिलेल्या शब्दावरच चालत आला आहे. दुसरा आक्षेप असा की संगणक अचूक चाल शिकवतो. शिकवतो खरा, पण डाव संपल्यावर. आपली चूक कुठल्या विचारातून झाली हे कळायला तो विचार आधी आपण केलेला असावा लागतो. उत्तर आधीच पाहिले, तर चूकही आपली राहत नाही आणि शिकणेही होत नाही.

बुलढाणा जिल्ह्यातल्याच चिखली आणि शेगावच्या दोन शाळांनी असा एक डाव सुरू करावा. संगणक वापरायचा नाही, एवढा एकच करार मुलांनी आपल्या सहीने करावा. पोस्टकार्ड आजही पन्नास पैशांना मिळते.