बॉम्बस्फोटानंतरचा पहिला तास आणि आपली वस्ती

दहशतवादी हल्ला म्हटला की चर्चा होते ती पोलीस, कमांडो आणि गुप्तचर यंत्रणेची. पण हल्ला झाल्यानंतर जखमींपैकी किती वाचतील, हे बरेचसे सार्वजनिक आरोग्य व्यवस्थेवर ठरते. वस्त्यांमध्ये काम करणारे कार्यकर्ते म्हणून आम्हाला ही बाजू महत्त्वाची वाटते, कारण तिच्यात आपल्या समाजाचा थेट संबंध येतो.

११ जुलै २००६ रोजी मुंबईच्या पश्चिम रेल्वेवर काही मिनिटांत सात स्फोट झाले. सुमारे दोनशे माणसे गेली, सातशेहून अधिक जखमी झाली. तेव्हा राज्यात १०८ रुग्णवाहिका सेवा नव्हती. ती २०१४ मध्ये आली. रुळांलगतच्या वस्त्यांतील लोकांनी चादरींची झोळी करून जखमींना बाहेर काढले आणि मिळेल त्या वाहनाने रुग्णालयात पोहोचवले. २६ नोव्हेंबर २००८ ला तर दहशतवादी कामा रुग्णालयातच शिरले. परिचारिका अंजली कुलथे यांनी दरवाजे बंद करून २० गरोदर महिलांना आतल्या खोलीत हलवले.

टोकियोत २० मार्च १९९५ रोजी भुयारी रेल्वेत सरिन हा विषारी वायू सोडला गेला. एकाच रुग्णालयात त्या दिवशी सहाशेहून अधिक रुग्ण आले, बरेचसे स्वतःच चालत किंवा मिळेल त्या गाडीने. त्यांच्या कपड्यांवरील विषामुळे रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांनाही त्रास झाला.

यातून सज्जतेचा अर्थ कळतो. जखमींची तातडीनुसार विभागणी व्हावी लागते: लाल म्हणजे लगेच उपचार, पिवळा म्हणजे थोडे थांबता येईल, हिरवा म्हणजे किरकोळ. सगळे रुग्ण जवळच्याच रुग्णालयात न नेता वाटून न्यावे लागतात. रक्तपेढीत साठा आधीच असावा लागतो, कारण आज दिलेले रक्त तपासणीनंतरच वापरता येते. म्हणून हल्ल्यानंतरच्या रांगेपेक्षा वर्षभरातील नियमित रक्तदान जास्त उपयोगी पडते.

तरुणांनी काय शिकावे? जोराचा रक्तस्राव काही मिनिटांत जीव घेतो. जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरणे आणि हात न काढणे, एवढे प्रत्येकाला जमले पाहिजे. दुसरा स्फोट होऊ शकतो, म्हणून बघ्यांची गर्दी हटवावी, रुग्णवाहिकेची वाट मोकळी ठेवावी. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर लाखोंचा जनसमुदाय येतो. तिथल्या प्रत्येक स्वयंसेवकाला हे प्रशिक्षण हवे. ७ जुलै २०१३ रोजी बोधगयेच्या महाबोधी विहार परिसरात साखळी स्फोट होऊन दोन भिक्खू जखमी झाले होते, हे विसरून चालणार नाही.

हक्कही माहीत हवा. परमानंद कटारा खटल्यात १९८९ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की पोलिसांची कागदपत्रे पूर्ण होण्याची वाट न पाहता, सरकारी असो वा खासगी, डॉक्टरांनी जखमीवर तातडीने उपचार केलेच पाहिजेत.

हल्ल्यानंतर अफवाही पसरतात आणि एखाद्या समाजावर संशयाची बोटे रोखली जातात. खात्री नसलेला संदेश पुढे न पाठवणे हेही जीव वाचवण्याचेच काम आहे.

शेवटचा मुद्दा सफाई कामगार, वॉर्डबॉय आणि आयांचा. रक्ताने माखलेले वॉर्ड हेच लोक साफ करतात, मृतदेह हेच उचलतात. त्यांत आपले अनेक बांधव-भगिनी आहेत, पुष्कळसे कंत्राटावर. त्यांना हातमोजे, लसीकरण, प्रशिक्षण आणि नंतर मानसिक आधार मिळतो का? आपापल्या भागातील सरकारी रुग्णालयाचा आपत्ती आराखडा माहिती अधिकारात मागवा. शेवटची रंगीत तालीम कधी झाली आणि त्यात या कामगारांचे नाव कुठे आहे, हे विचारा. उत्तर मिळेपर्यंत पाठपुरावा सोडू नका.